जुन्या भाड्याचा शुक्रवार

काकू, रिक्षा स्टँडच्या फळ्यावर तुमच्याबद्दल दोन ओळी लिहायला मला सांगितलं. स्टँडावर बारावीपर्यंत शिकलेला मी एकटाच, त्यामुळे कुणी गेलं की खडू माझ्या हातात येतो. आजवर कुणासाठी अडलो नाही. वर 'दुःखद निधन', मध्ये नाव, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', झालं काम. तुमचं नाव लिहिलं आणि पुढं हात चालेना. मागून कुणीतरी म्हणालं, मायेची सावली हरपली असं लिव्ह की. मी काही ते लिहिलं नाही. तुम्ही वाचलं असतंत तर आधी विचारलं असतंत, खडू कुणाच्या पैशाचा?

म्हणून हे वेगळं लिहितोय, वहीच्या कागदावर. परवा तुमचं बारावं झालं. कालपासून गाडी पुन्हा स्टँडला लावली. दुपारची वेळ आहे, भाडी कमी आहेत, आणि मी मागच्या सीटवर बसून लिहितोय. एक गोष्ट तुम्ही माझ्यावर सोपवली होती आणि मी ती तुम्हाला सांगितली नाही. ती सांगायची आहे. पण सरळ तिथं जाता येत नाही, तर आधी जरा बाकीचं.

गाडी तुमची आणि चालवणारा मी, हे नातं नऊ वर्षांचं. अण्णा, म्हणजे तुमचे मालक, जन्मभर रिक्षा चालवत आले. ते गेल्यावर परवाना तुमच्या नावावर झाला. तुमचा लेक प्रकाश चाकणला कंपनीत लागलेला, त्याला हँडल धरायचं नव्हतं. कुणाच्या तरी ओळखीनं उचगावहून मी आलो, आणि तुमच्या मंगळवार पेठेतल्या उंबऱ्यावर बसून पाच मिनिटांत सगळं ठरलं. रोजचे ठरलेले पैसे तुम्हाला, गॅस माझा, वर जे सुटेल ते माझं. टायर, विमा, पासिंग, मोठी दुरुस्ती तुमची. मी म्हटलं, लिहून घेऊया का. तुम्ही म्हणालात, "लिवल्यालं खोडता येतंय. बोलल्यालं कसं खोडशील?" ही बाई सोपी नाही, हे मी तिथंच ओळखलं.

तुम्हीही मला ओळखलं असणारच. गाडी उचगावला न्यायची नाही, काम संपलं की तुमच्या दारात लावायची, हा तुमचा पहिला नियम. सकाळी सातला मी मोटारसायकलवरून यायचो तेव्हा तुम्ही हातात फडकं घेऊन गाडीपाशी उभ्या असायचात. "पुसत हुते जरा," म्हणायचात. गाडीवर सगळीकडं आदल्या दिवशीची धूळ तशीच, आणि किलोमीटर दिसतात तेवढीच काच लख्ख. एकदा मी मुद्दाम त्या काचेवर तेलाचं बोट लावून गेलो. सकाळी बोट गायब. तुम्ही चहा दिलात आणि मी प्यायलो.

पैसे ठरलेले असताना गाडी किती पळाली याच्याशी तुम्हाला काय करायचं होतं, हे मी माझ्या बायकोला, सुनीताला, अनेकदा विचारलं. ती म्हणायची, मालकीण हाय, बघणारच की. मला ते पटायचं नाही. गाडी जास्त पळते म्हणजे कमाई जास्त, आणि कमाई जास्त म्हणजे आज ना उद्या ही बाई आकडा वाढवून मागणार, असं माझं गणित होतं. म्हणून मी तुमच्यापुढं कधी हसत आलो नाही. चांगला दिवस गेला तरी तोंड पाडून किल्ली द्यायचो. आमच्या स्टँडावरच्या गाड्या बघा, आरसे काय, लाइटी काय, मागं वाघ काय न् घोडा काय. आपली तेवढी कोरी. तुम्हीच म्हणाला होता की गाडी पोटासाठी आहे, वरातीसाठी नाही. मलाही ते सोयीचं होतं, कारण नटलेली गाडी म्हणजे खुळखुळणारा खिसा, असं तुम्हाला वाटलं असतं.

आणि मग शुक्रवार. गुडघे गेल्यापासून देवीला जायला तुम्हाला रिक्षा लागायची, आणि रिक्षा म्हणजे तुमचीच. पहिल्या शुक्रवारी तुम्ही मागं बसलात आणि म्हणालात, "मीटर टाक." मला वाटलं चेष्टा करताय. मालकीण आपल्याच गाडीचं भाडं देते असं कोल्हापुरात कुणी ऐकलं नसेल. तुमचं म्हणणं होतं की गाडी माझी असली तरी गॅस तुझा आणि वेळ तुझा, फुकट बसून तुझं नुकसान कशाला करू. ऐकायला फार चांगलं वाटतं. मी मात्र आरशातून बघत होतो. तुमची नजर रस्त्यावर नव्हती, दुकानांवर नव्हती, सरळ मीटरवर होती. ही बाई भाडं द्यायला नाही, मीटर तपासायला बसते, असा माझा समज झाला आणि तो कधी गेला नाही. उतरताना मोजके सुटे पैसे द्यायचात, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. प्रसादाचा खडीसाखरेचा खडा मात्र न चुकता दुसऱ्या दिवशी चहाबरोबर यायचा.

दरवाढ झाली त्याला आता तीन वर्षं होतील. नवा दर लागू होऊन आठवडा झाला तेव्हा तुम्ही मला उंबऱ्यावर बसवलंत. तुमच्या हातात नव्या दराचं छापील कार्ड होतं, माझ्याआधी तुमच्याकडं आलेलं. कुठून आणलंत ते मला अजून कळलेलं नाही. चहा नव्हता, म्हणजे बोलणं कामाचं होतं.

"दरवाढ गाडीला मिळती रं," तुम्ही म्हणालात. "डायव्हरला न्हाय."

"गाडी आपली आपण जाती व्हय स्टँडाला?" मी म्हटलं.

मग आपलं जुंपलं. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या इतकं जुंपलं. माझं म्हणणं, गॅस महाग झाला म्हणून भाडं वाढलं, गॅस मी भरतो, तर वाढ माझी. तुमचं म्हणणं, टायर महाग झाले, विमा महाग झाला, पासिंगला जास्त पडतात, ते सगळं मी भरते, तर वाढ माझी. आता बसून विचार केला तर दोघांचंही खरं होतं, आणि तेव्हाही ते मला कळत होतं. पण कळलं म्हणून कबूल करायचं असतं असं थोडंच आहे? मी म्हटलं, उन्हात बसतो मी, शिव्या खातो मी. तुम्ही म्हणालात, अण्णांनी जन्म घालवला त्या उन्हात, मला ऊन सांगू नको.

शेवटी तुम्हीच तोड काढलीत. वाढीतलं निम्मं तुझं, निम्मं माझं. मी त्यात खोट शोधली. वाईट याचं वाटलं की सापडली नाही. मालक लोक दरवाढ झाली की सरळ आकडा फुगवतात आणि जमत नसेल तर किल्ली ठेव म्हणतात. आमच्या स्टँडावर दोघांना असंच सोडावं लागलं. आणि तुम्ही निम्मं म्हणत होता. एवढं सरळ बोलणं ऐकलं की माझा संशय वाढतो. म्हणून मी एक खुंटी मारून ठेवली. म्हटलं, "काकू, वाढ कागदावर हाय. पेठेतली माणसं जुनंच हातावर ठेवत्यात. मीटर बी अजून जुनंच हाय."

हे तेव्हा खरं होतं, देवीशपथ खरं होतं. नवं कार्ड दाखवलं की लोक भांडायचे. रोजची माणसं तर कार्डाकडं बघायचीसुद्धा नाहीत, ठरलेलं हातावर ठेवून चालू लागायची. तुम्ही थोडा वेळ कार्डाची घडी घातलीत, उलगडलीत, परत घातलीत. मग म्हणालात, "बरं. लोक नवं द्यायला लागलं की सांग. तवापासनं निम्मं."

एवढंच. मी घरी जाईपर्यंत हाच विचार करत होतो. किलोमीटरची काच रोज पुसणारी बाई, मीटरवरून नजर न हलवणारी बाई, आणि तिनं एवढी मोठी गोष्ट माझ्या जिभेवर सोडून दिली? यात डाव होता. तुम्ही पेठेत विचारणार, पाव्हण्यारावळ्यांना माझ्या गाडीत बसवणार, आणि एक दिवस मला उंबऱ्यावर पकडणार. दोन महिने मी प्रत्येक भाड्याकडं संशयानं बघितलं. एक म्हातारा सारखं विचारत होता, कमाई कशी काय, मालक कोण. मी त्याला इतकी तुटक उत्तरं दिली की तो मध्येच उतरला. नंतर कळलं, तो नेसरीहून लेकीकडं आलेला साधा शेतकरी होता, आणि त्याला जावयासाठी रिक्षा घ्यायची होती.

मग मीटर नव्या दराला लावून घ्यायची तारीख आली. त्याचे पैसे तुम्ही दिलेत, एका शब्दानं कुरकुरला नाहीत. पुढचाच शुक्रवार. देवळापाशी गाडी थांबली, मीटरवर तीस दिसत होते. तुम्ही पंचवीस माझ्या हातावर ठेवलेत.

"काकू, तीस झाल्यात," मी म्हटलं.

"पेठेतली माणसं जुनंच देत्यात म्हनालास न्हवं?" तुम्ही पदर सावरत म्हणालात. "मी बी पेठेतलीच की."

आणि काठी टेकत निघून गेलात. मी हातातल्या पंचविसांकडं बघत बसलो. बोलताना तुमच्या तोंडावर हसू बिसू काही नव्हतं, मी आरशात नीट बघितलं होतं. आता मी काय करणार? पाच रुपये मागावेत तर कबूल करायला लागणार की लोक नवं देतात. आणि नवं देतात म्हटलं की निम्मं सुरू. मी पंचवीस खिशात टाकले. खोटं कशाला बोलू, पाच रुपयांत सुटलो म्हणून त्या दिवशी मला आनंदच झाला होता.

तेव्हापासून दर शुक्रवारी हेच. मीटर तीस, हातात पंचवीस. तुम्ही कधी विचारलं नाहीत की काय रे संभा, लोक आता काय देतात. एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं. मी फाडकन खोटं बोलून मोकळा झालो असतो, किंवा खरं. पण तुम्ही विचारायच्या नाहीत आणि पंचवीस द्यायला चुकायच्या नाहीत. दोन-दोनदा मोजून द्यायचात. शुक्रवार आला की मला सकाळपासून चिडचिड व्हायची. सुनीता म्हणायची, आज देवीचा वार आणि तुमचं तोंड असं का? तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, हे कोडं मी तीन वर्षं घोळवतोय. कधी वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे. रिक्षावाल्याची बायको, घरात रोज संध्याकाळी भाड्याच्याच गोष्टी ऐकलेली. मीटर बदललं की लोक दोन-चार दिवस कुरकुरतात आणि मग देतात, हे हिला मी सांगायला पाहिजे होय? मग ही मला दर आठवड्याला टोचतेय. आणि कधी वाटायचं, नाही, हिला खरंच वाटतंय की पेठ अजून जुनंच देते. अण्णा तुमच्याशी कधी खोटं बोलले नसतील, तर संभा बोलतो हे तुम्हाला कुठून सुचणार? पहिल्या विचारानं मला राग यायचा. दुसरा विचार आला की मी गाडी चालू करून कुठंतरी भाडं शोधायला जायचो.

गेल्या वर्षी मला कावीळ झाली. महिनाभर अंथरुणावर. गाडी तुमच्या दारात उभी. मला खात्री होती की आठवड्यात तुम्ही दुसरा बघणार. स्टँडावरचे दोघं तुमच्याकडं येऊनही गेले, त्यातल्या एकानं माझ्यापेक्षा जास्त देतो म्हटलं, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. तुम्ही त्याला काय म्हणालात माहीत आहे ना? संभाची गाडी हाय, तो आला की बघू. माझी गाडी! बरं वाटायच्या ऐवजी मी पडल्या पडल्या कारण शोधत होतो. म्हटलं, नवा माणूस म्हणजे नवी लबाडी शिकून घ्यायला लागणार, हा चोर निदान ओळखीचा आहे. ओळखीचा चोर जिवे न सोडी म्हणतात, पण तुम्हाला तोच परवडत असेल.

एक दिवस तुम्ही वडापनं उचगावला आलात. त्या गुडघ्यांनी, जीपमध्ये दहा माणसांत दाबून बसून, साळीच्या लाह्यांची पिशवी घेऊन. मी आतल्या खोलीत पडलो होतो, दार अर्धं लोटलेलं. बाहेर तुमचा आवाज ऐकला आणि माझ्या मनात पहिली गोष्ट कोणती आली? फ्रीज. मागल्या दिवाळीत घेतलेला नवा फ्रीज बाहेरच्या खोलीत दारासमोरच उभा होता. मला उठून त्याच्यावर चादर टाकावीशी वाटली. सुनीतानं त्याच फ्रीजमधलं पाणी तुम्हाला दिलं.

"गार हाय पाणी," तुम्ही म्हणालात. "नवा घेटला व्हय?"

आणि सुनीता, जिला काही ठाऊक नव्हतं, ती कौतुकानं म्हणाली, "हप्त्यावर घेटलाय, काकू. गेली दोन वर्सं बरं सुटतंय की आता, भाडं वाढल्यापासनं."

मी डोळे मिटून घेतले. बाहेर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग तुम्ही म्हणालात, "सुटू दे की. पोरंबाळं हायत."

मला तुमचं तोंड दिसलं नाही, काकू. तेवढं दिसायला पाहिजे होतं. त्या पाच शब्दांचा मी आजवर किती प्रकारे अर्थ लावला असेल! आशीर्वाद होता, टोमणा होता, की नुसतं सुनीताला वाईट वाटू नये म्हणून? आत येऊन तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात, लाह्या खा म्हणालात, तेलकट खाऊ नको म्हणालात, आणि त्या महिन्याच्या पैशांचं मी काढलं तर म्हणालात, गाडी उभी तर पैसे कशाचे. मी बरा होऊन आलो. पहिला शुक्रवार. मी धरून चाललो होतो की आज तुम्ही तीस देणार. म्हणजे कळलंय असं दाखवणार, आणि मग मी बोलणार. तुम्ही पंचवीस दिलेत.

त्यानंतर सांगून टाकायला मला काय अडचण होती? पैशाचं म्हणाल तर निम्मं देऊनही माझं भागलं असतं. अडचण ही होती की इतक्या उशिरा सांगायचं कसं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर ती बातमी होती. वर्षानं सांगितलं तर ती चोरीची कबुली. आणि जितका उशीर होईल तितकी चोरी वाढत जाते. शिवाय मनात एक कोपरा होताच, जो म्हणायचा की तिनं स्वतःहून का विचारू नये? एवढी हुशार आहे तर विचारावं की. म्हणजे चोर मी आणि रुसलेलाही मीच.

शेवटच्या शुक्रवारी मात्र मी सुरुवात केली होती. ती तुमच्या लक्षात आली का, हेही मला ठाऊक नाही. तुम्हाला गाडीत चढवायला त्या दिवशी माझा हात लागला. दम लागला होता, शाल घेतली होती, तरी बसल्यावर म्हणालात, मीटर टाक. मिरजकर तिकटीच्या पुढं गर्दीत गाडी अडकली. मी आरशात न बघता म्हटलं, "काकू, ते नव्या भाड्याचं जरा बोलायचं हुतं."

"फुडं बघ," तुम्ही म्हणालात. "म्हस हाय."

खरंच म्हैस होती. रस्त्याच्या मधोमध, दारोदार धार काढून रतीबाचं दूध घालायला निघालेली, आणि तिच्यामागं बादली घेऊन मालक. मी ब्रेक मारला. म्हैस आपल्या गतीनं गेली, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि गर्दी सुटेपर्यंत देऊळ आलं. तुम्ही पंचवीस हातावर ठेवलेत. मी घेतले. तुम्ही मला मुद्दाम थांबवलंत की काय, असा संशय मला त्या दिवसापासून आहे. म्हशीवर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण देवळापाशी उतरताना तुम्ही गाडीचा दांडा धरून बराच वेळ उभ्या होता. तेव्हा मी बोलू शकलो असतो. मी नऊवारीचा काठ चाकात अडकत नाही ना एवढंच बघत राहिलो.

सोमवारी शेजारच्यांचा फोन आला. मीच तुम्हाला दवाखान्यात नेलं. त्या दिवशी मीटर टाकलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पुढचे चार दिवस मी आवारात गाडी लावून बसायचो. प्रकाश आला होता, तो खाली येऊन सांगायचा, जरा बरं आहे, जरा कमी आहे. मला वर जाता आलं असतं. मी गेलो नाही. तुम्ही पलंगावरून विचारलंत तर काय, ही भीती. न विचारलंत तर काय, ही दुसरी. काकू, मला त्याची लाज वाटते. तुम्ही वडापनं लाह्या घेऊन आला होता, आणि मला दोन जिने चढवले नाहीत.

परवा बारावं उरकलं. पाव्हणे गेले आणि प्रकाशनं मला त्याच उंबऱ्यावर बसवलं. मी तयारीनंच बसलो. आदल्या दिवशी त्याला गाडीचे फोटो काढताना बघितलं होतं, म्हणजे विकणार, असं मी धरून चाललो होतो. प्रकाशनं स्वतः चहा आणला.

"संभादा, गाडी तुमच्याकडंच राहू दे, आईनं सांगितलंय," तो म्हणाला. "फोटो परवान्याच्या कामाला पाहिजे होते. रोजचं किती ते मला ठाऊक नाही. आई म्हणाली, संभालाच विचार, तो सांगेल तेच."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. साधा माणूस आहे, तुमच्यासारखा नाही. मी जो आकडा आजवर देत होतो तो सांगितला. खोटा नव्हता तो. त्यानं मान हलवली आणि मी कप खाली ठेवला. झालं असं वाटून उठणार, तेवढ्यात तो म्हणाला, "अजून एक विचारायला सांगितलं होतं. मला काही अर्थ लागला नाही. दम लागला होता तरी दोनदा म्हणाली. लोक नवं द्यायला लागले का, तेवढं संभाला विचार."

माझ्या डोक्यात आधी हेच आलं की हा डाव आहे. जाता जाता लेकाच्या हातून टाकलेला शेवटचा डाव. तीन वर्षं तोंडातून शब्द काढला नाही, आणि विचारलं ते अशा वेळी की मला तुमच्याशी भांडताही येणार नाही.

"लागलं," मी म्हटलं.

"कधीपासनं?" प्रकाशनं सहज विचारलं.

आणि काकू, मी म्हटलं, "हे आत्ता. दिवाळीपासनं."

तो म्हणाला बरं. मग मी त्याला सांगितलं की आपलं ठरलं होतं, लोक नवं द्यायला लागले की वाढीतलं निम्मं मालकाचं. पुढच्या महिन्यापासून तसं देईन. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, आणि कप उचलून आत गेला. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. तीन वर्षांचे मी तीन महिने केले होते. तुम्ही मेल्यावरही मी तुमच्याकडून सूट काढून घेतली.

तेव्हापासून मी स्वतःला समजावतोय की निम्मं तरी खरं बोललास. निम्म्यावरच तर आपलं ठरलं होतं! हे असलं मला बरं सुचतं. पण रात्रंदिवस एकच गोष्ट फिरून येते. तुम्हाला जर सगळं ठाऊक होतं, तर तुम्ही तीन वर्षं मला पकडायची नव्हे, मी सांगायची वाट बघत होता. आणि जर ठाऊक नव्हतं, तर दवाखान्यातसुद्धा तुम्हाला काळजी लागली होती की बिचाऱ्या संभाला लोक अजून जुनंच देत असतील. यातलं कुठलं खरं धरू? दोन्हींपैकी एकातही मला उभं राहायला जागा नाही.

आज संध्याकाळी प्रकाश परत चाकणला निघतोय. त्याला बसस्टँडला मीच सोडणार आहे. दिवाळीपासून नव्हे, आधीपासून, एवढं त्याला वाटेत सांगायचं असं मी सकाळी ठरवलंय. पण मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेत आलो, आणि आता सगळ्यात जास्त माझा माझ्यावरच आहे. म्हैस आडवी येईल, सिग्नल सुटेल, त्याचा फोन वाजेल, आणि मी गप्प बसेन. म्हणून त्याच्या आधी तुम्हाला सांगून टाकतो, म्हणजे मागं फिरायला वाट राहणार नाही.

लोक नवं द्यायला लागले, काकू. मीटर बदललं त्याच आठवड्यात लागले. सगळी पेठ नवं देत होती. जुनं देणाऱ्या तुम्ही एकट्याच होता.